बासष्टावा टाका

मी हॉस्पिटलचा शिंपी. हसू नका, असतो एक.
तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मोटारीला खेटून बसतो.
मशीन चालू केलं की वाटतं
लिफ्ट माझ्याच पायावर चाललीय.

ऑपरेशनची हिरवी चादर शिवायची, मधोमध खिडकी कापायची.
अपेंडिक्सची वीतभर,
लहान पोराच्या हर्नियाची चार बोटं,
सिझेरियनची ऐसपैस, तिथून माणूस बाहेर येतो.
काठाला दुहेरी दुमड.
एक धागा लोंबला तरी एस्तेर सिस्टर
जिना चढून भांडायला येते.

दर धुण्याला कोपऱ्यात एक लाल टाका. हे माझं खातं.
सत्तर झाले की चादर उजेडासमोर धरायची.
पलीकडचं दिसलं, की पोतेरं.

मग खोके आले.
निळं, मेणचट, एकदा अंथरायचं आणि फेकायचं.
परचेसचे कुलथे म्हणाले, मास्तर, आता आराम.
आराम म्हणजे उशांचे अभ्रे.
संध्याकाळी पिवळ्या पिशव्यांची गाडी जाळायला जायची,
एवढ्याशा हर्नियामागे केवढी पिशवी!
मी चादरी टाकल्या नाहीत.
गाठोडं कपाटावर ठेवलं.
दूरदृष्टी वगैरे नाही, चिकटपणा.

भिडे पूल बुडाला की पुण्यात लोक फोटो काढतात.
आम्ही तळघरात डोकावतो.
त्या रात्री खडकवासल्यातून किती सोडलं
याचा आकडा तासातासाला बदलत होता,
आणि नदी काही आकडा वाचून आली नाही.
तळघरात जनरेटर. तळघरात मोठा ऑटोक्लेव्ह.
तळघरात खोके.
जे जे अडीनडीचं ते सगळं खाली,
कारण वरच्या खोल्यांचे पैसे येतात.

रेश्मा धिवारला रबरी बोटीतून आणली. बाळ आडवं.
रस्ते बंद, पुढं पाठवणार कुठं?
भूलवाल्या मुलाणी बाई म्हणाल्या, पाठीतून देते,
सिलिंडर राखून ठेवा.
तो भुलीचा वायू आभाळात जाऊन वर्षानुवर्षं बसतो,
हे त्या दोन वर्षं मीटिंगमध्ये सांगत होत्या.
मीटिंगमध्ये तेव्हा सामोसे असायचे.

एस्तेर सिस्टरनं अडगळीतून
दळणाच्या डब्याएवढं वाफेचं जुनं भांडं काढलं.
कॅन्टीनची शेगडी वर आली.
मी गाठोडं सोडलं.
टेपवर काळे पट्टे उमटेपर्यंत
कुणी कुणाशी बोललं नाही.
नगरकर डॉक्टरांच्या कपाळावर बॅटरी,
तेवढाच उजेड, तो माझ्या खिडकीत.

पुढचं मी पाहिलं नाही.
मी जिन्यात बादल्या चढवत होतो.
चौथ्या की पाचव्या फेरीला वरून आवाज आला,
बारीक, चिडका,
एस्तेर सिस्टरसारखाच.

आठवड्यानं ती चादर धुऊन आली
आणि मी तिला बासष्टावा टाका घातला.
डॉक्टर म्हणाले, आपण दोघं एकाच धंद्यातले.
मी म्हटलं, तुमचे विरघळतात, साहेब.

आता जनरेटर गच्चीवर आहे, पत्रे सूर्याकडे तोंड करून.
वाफेची खोली दुसऱ्या मजल्यावर,
त्यासाठी दोन डीलक्स खोल्या गेल्या.
कुलथे अजून हळहळतात.
पण त्यांचा एक प्रश्न खरा आहे:
मे महिन्यात टँकरची वाट बघताना
मास्तर, चादरी धुणार कशानं?
मला उत्तर येत नाही. शेवटच्या खळबळीचं पाणी
आम्ही पहिल्या धुण्याला वापरतो. तरी चार पिंपं कमी पडतात.
पुन्हा थोडे निळे खोके मागवावे लागले,
वरच्या मजल्यावर ठेवले, एवढंच शहाणपण.

तळघराच्या भिंतीवर गाळाची रेघ आहे,
माझ्या छातीच्या वर.
रंगारी आला तेव्हा सिस्टर म्हणाली, तेवढी सोडून रंगव.

त्या चादरीला काल सहासष्ट झाले.
चार टाके बाकी होते, तरी उजेडासमोर धरली.
अजून नुसतं हिरवंच दिसतं.